हौसाबाईची हाक

नव्या सीमा कायद्याने परदेशी डोंगरावर आपटून परत येणाऱ्या प्रत्येक आवाजाला देशात शिरण्यासाठी परवाना लागू केला, आणि पहिल्याच दिवशी हौसाबाईची हाक पकडली गेली.

तिच्या मनात काही वावगं नव्हतं. नवरा केरबा दरीच्या काठाला म्हसरं चारत होता. तिने बांधावरून रोजच्यासारखी हाक मारली, "अवं, या की जेवायला!" केरबाने ती ऐकली. पण हाक पुढे दरी ओलांडून शेजारच्या देशातल्या डोंगरावर गेली आणि माघारी फिरली, तेव्हा चौकीच्या शिपायांनी तिला सीमेवर अडवलं. कागदपत्रं मागितली. हाकेने फक्त जेवायला बोलावलं. मग तिला भिंतींना गाद्या लावलेल्या कोठडीत ठेवण्यात आलं.

गावाने फारशी कुरकुर केली नाही. कायदा मोठ्या बहुमताने झाला होता, आणि हद्द राखायला हवी हे सगळ्यांनाच मान्य होतं. लोक हळू बोलायला शिकले. म्हशींच्या घंटांना चिंध्या गुंडाळल्या. भाकरी झाली की हौसाबाई दरीपर्यंत चालत यायची आणि केरबाच्या खांद्याला हात लावायची.

"माझ्या हाकंला तिथं करमत आसंल का वो?" तिने एकदा विचारलं.

दिवाळीनंतर हौसाबाईला ताप भरला आणि ती गेली. तेराव्यानंतर केरबा धुतलेला पटका बांधून चौकीवर गेला.

निरीक्षक सरनोबत बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"हाक न्यायला आलोय. हौसाची," केरबा म्हणाला.

"ज्याचा आवाज, त्याच्याच ताब्यात देता येतो. त्यांना घेऊन या."

"ती वारली, बाईसाहेब."

सरनोबत बाईंनी समोरची नोंदवही उघडली. "मग अवघड आहे, मामा. बेवारस आवाज आम्ही परत पाठवतो. सोमवारी सोडतील तिला समोरच्या डोंगराकडे."

"पर ती हितलीच हाय. आमच्या बांधावर निघाल्याली."

"गेली ती हाक इथली होती. आली ती त्यांच्या डोंगराची. कायदा येणाऱ्याकडे बघतो."

केरबाने बराच विचार केला. त्याला त्यात खोट सापडेना. "तिकडं ठिवून घेत्याल?"

"त्यांचाही कायदा असाच आहे. ते इकडे पाठवतील, आम्ही तिकडे. दोन-चार खेपांत आवाज विरून जातो."

केरबाने कप खाली ठेवला. "एकडाव ऐकू तरी द्या."

बाईंनी स्वतः उठून कोठडीचं दार किलकिलं केलं. आतून हाक आली, "अवं, या की जेवायला!" आवाज जरा घोगरा झाला होता, पण 'की' वरचा तो हेल तिचाच होता. केरबा सवयीने उठून उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं.

"उत्तर देऊ नका," सरनोबत बाई घाईने म्हणाल्या. दार लावून घेत, त्याच्याकडे न बघता त्या पुढे बोलल्या, "कोठडीत दुसरा आवाज आला आणि दोघांचं बोलणं सुरू झालं, की प्रकरण जोडलं जातं. मग निकाल लागेपर्यंत कोणालाच पाठवता येत नाही. आमचं काम वाढतं."

केरबाने हात जोडले आणि तो बाहेर पडला.

तो घरी गेला नाही. भर दुपारी दरीच्या काठावर जाऊन उभा राहिला. गुराख्यांनी त्याला हातवारे करून थांबायला सांगितलं. आयुष्यात त्याने सरकारचा एकही नियम मोडला नव्हता. त्याने छातीत दम भरला आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने ओरडला.

"आलो गं, हौसे!"

आवाज गेला, डोंगराला लागला, परतला. शिपायांनी त्याला सीमेवर रीतसर अडवलं. चौकीत कोठडी एकच असल्याने त्याला तिथेच ठेवावं लागलं.

ज्याचा आवाज अटकेत आहे त्याने सुनावणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं कलम आहे. केरबा ते काटेकोर पाळतो. बाजारात बोटाने दाखवून भाजी घेतो. पहाऱ्यावरचा शिपाई मात्र भेटला की सांगतो, आत दिवसभर चालू असतं. ती बोलावते, तो येतो म्हणतो.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. ती लवकर लावावी अशी मागणी केरबाकडून आलेली नाही.