समाधानी स्त्रिया, किमान तीन

कडी खट् वाजली आणि पहाटेपासून जपलेली शांतता संपली. लेक उशीवरूनच म्हणाली, "कुठे चाललीस?"

"मैत्रिणींबरोबर. द्राक्षांचे मळे बघायला. सहाच्या आत परत."

"नक्की?"

"अगदी नक्की." आईपणाच्या चार वर्षांतली ही माझी पहिली किरकोळ रजा होती. तिला बट्टा लावायचा नव्हता.

मळ्यावर आम्ही तिघींनी, म्हणजे मी, बँकवाली आणि दातांची डॉक्टर, वाइनचे पेले नाकाशी धरले. माहितीपत्रकात छापलेले वास छापील क्रमानेच येत असल्याचं गंभीरपणे सांगितलं. वाढणारा खूश झाला. परतीच्या वाटेवर एक छोटं गाव लागलं. वेशीवर पाटी होती : 'निवांत गाव, श्रेणी अ'. पाय बोलायला लागले होते, म्हणून चौकातल्या बाकावर टेकलो.

लगेच वही घेऊन एक गृहस्थ आले. "बरं झालं बसलात. या बाकावर दहा ते पाच या वेळेत समाधानी स्त्रिया लागतात, किमान तीन. आमच्या तिघी आज रजेवर आहेत, आणि श्रेणीची तपासणी कधीही होऊ शकते."

"अहो, आम्ही पाहुण्या आहोत," बँकवाली म्हणाली.

"पाहुणे बाकाचे फोटो काढतात. तुम्ही बसलात."

"तक्रार कुठे करायची?" डॉक्टर उसळली.

"तक्रार फक्त रहिवाशांना करता येते. हा घ्या रहिवासाचा अर्ज."

रागाच्या भरात आम्ही तो भरला. गृहस्थांनी शिक्का मारला, तक्रार वाचली आणि शांतपणे म्हणाले, "निवांत गावात तक्रार नसते, म्हणून ही निकाली काढली. रहिवास मात्र कायम. बदली तिघी बसल्याशिवाय आता उठता येणार नाही."

घर दोन तासांवर. चारला निघायलाच हवं होतं.

"हसू मध्यम ठेवा," त्यांनी बजावलं. "दात दिसले की शहरी वाटतं."

"माझा धंदाच दातांचा आहे हो!" डॉक्टर कळवळली.

पर्यटक येत होते, फोटो काढत होते. "मावशी, जरा इकडे!" एक मुलगी मला म्हणाली. ती माझ्याहून फार तर तीन वर्षांनी लहान असेल.

तीनच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, गेले दोन तास कोणी मला मोजे विचारले नव्हते. पाणी मागितलं नव्हतं. 'अगं ऐकलंस का' म्हटलं नव्हतं. आणि मला हसूच फुटलं, अगदी दातांसकट.

"बाई, हे मंजूर प्रमाणाच्या बाहेर जातंय," गृहस्थ कुरकुरले.

पावणेचारला तीन पर्यटक बायका आल्या. एकीने चप्पल हातात घेतली होती. "दमले गं बाई!"

आम्ही तिघी एकदम उठलो. "बसा ना, बसा! काय सुरेख सावली आहे!" बँकवालीने तर रुमालाने बाकसुद्धा पुसून दिला. मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही गाडीकडे पळत होतो.

सहाला दहा कमी असताना दार उघडलं. लेक बाबाच्या मांडीवर होती. फोनमध्ये कोणीतरी पाठवलेलं त्या गावाचं पान उघडलेलं, त्यावर आम्ही तिघी : 'आमच्या गावच्या समाधानी स्त्रिया'.

"मजा केलीत की!" नवरा म्हणाला. "बरं, तिचे मोजे कुठे आहेत?"

लेकीने फोटो दोन बोटांनी मोठा केला. माझा हसरा चेहरा बराच वेळ निरखला. मग मान वर करून दारातल्या मला बघितलं आणि पुन्हा फोटोवर बोट ठेवलं.

"आई, ही घरी कधी येणार?"