कुंकवाचे ठिपके

हैदराबाद राज्याची वाटणी झाली, वांकिडी गाव आंध्रात गेलं आणि कचेरीतल्या उद्धवरावांना हुकूम आला. तीन महिन्यांत तेलुगूची तोंडी परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. उद्धवरावांचा जन्म उर्दू लिहिण्यात गेला होता.

बायको विमलबाईंनी ओसरीवर कॅलेंडर टांगलं. "अभ्यास केला का कुंकवाचा ठिपका, नाही केला का काजळाचा. येता-जाता नजरंस पडन."

उद्धवराव रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसत. ती गोल गोल अक्षरं बघता बघता हलकी होत, कापसासारखी पानावरून उडत, आणि उद्धवराव पांढऱ्याशुभ्र शेतातून त्यांच्यामागं तरंगत जात. जाग येई तेव्हा पुस्तक छातीवर असे. पुस्तक जवळ होतं म्हणजे अभ्यास झालाच, असं समजून ते कुंकू लावून टाकत.

महिनाभरात कॅलेंडर लाल झालं. शेजारच्या गयाबाईंनी ते पाहून विचारलं, "भावजी, कोन्त्या देवीचं व्रत करून राह्यले?"

या वयात अभ्यास करतो हे सांगायची लाज वाटली. "बासरच्या सरस्वतीचं," ते पेंगत म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाया फुलं घेऊन येऊ लागल्या. मग नव्या अंमलदारांच्या तेलुगू बायकाही आल्या. हळदीकुंकू होई, डाळ निवडली जाई, गप्पा रंगत. देवीच्या नावानं आलेल्यांना उठा कसं म्हणायचं? पुस्तक उघडायला जागा उरली नाही. उद्धवराव खांबाला टेकून डोळे मिटत. चिंच, लोणचं, सासू, सुना, सगळं तेलुगूतून त्यांच्या झोपेत वाहत येई.

विमलबाई मुकाट्यानं काजळ लावत राहिल्या. दोन महिने काळे झाले, तेव्हा त्यांनी ट्रंक झाडून ठेवली. "माहेरी कळवू का?"

"थांब जरा," उद्धवराव म्हणाले. पण त्यांचाही धीर सुटला होता.

परीक्षेत कचेरीच्या नव्या साहेबांनीच तेलुगूत विचारलं, "दोन भाऊ बांधावरून भांडले, तर काय कराल?"

उद्धवरावांनी डोळे मिटले आणि बोलू लागले. धाकटीचं तोंड कसं, थोरलीनं कुठं नमतं घ्यावं, सासूनं मध्ये का पडू नये, सगळं अस्खलित तेलुगूत. डोळे उघडले तेव्हा साहेबांनी लेखणी खाली ठेवली होती.

"पास," साहेब म्हणाले. मग जरा संकोचून पुढं बोलले, "फक्त कचेरीत मला 'वदिना' म्हणू नका. त्याचा अर्थ वहिनी होतो."