गावंडे घराण्याचे संशोधक

माणूस म्हणजे त्याचे पूर्वज, बाकी सगळं तात्पुरतं, असं आमचे शेजारी बापूसाहेब गावंडे सांगतात. म्हणून ते कुणाची तब्येत विचारत नाहीत, पणजा विचारतात. अमरावतीत घर घेतलं तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारायला मी त्यांच्याकडे गेलो. माझ्या आईच्या आजोबांचं गाव सांगेपर्यंत नळाचा विषय निघू शकला नाही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ हाती घेतली. आमच्या शहरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसना तोटा नाही. त्या पोरांच्या गर्दीतून, पाठीला सॅक लावून, हे मोडी शिकायला जायचे. मग एस्टीनं अकोला. तिथे जुन्या दस्तांची खोली, खरेदीखतं, वाटणीपत्रं, लग्नांच्या आणि फारकतींच्या नोंदी. संध्याकाळी धुळीनं माखून यायचे आणि फाटकातूनच जाहीर करायचे, "आपण लहान लोक नाही भाऊ. मूर्तिजापूरकडचं सारं काळं वावर आपलं होतं. रेकॉर्ड बोलून राह्यलं, मी नाही!"

ते वावर कधीच विकलं गेलं होतं. वंशावळीत मात्र ते अजून पिकत होतं.

वंशावळीत मुली नव्हत्या. जागा पुरत नाही, असं ते म्हणत. त्यांची स्वतःची मुलगी सुनंदा अकोल्यात नर्स आहे. तिची फारकत झाल्याचं अख्ख्या गल्लीला माहीत होतं. बापूसाहेब मात्र जावई टूरवर असल्याचं सांगत. सणामागून सण गेले, टूर संपेना. आम्हीही गंभीरपणे "हो का?" म्हणायचो. खालमानेनं सांगितलेलं खोटं मोडायला कुणाची जीभ वळत नाही.

त्यांच्या बायकोची, काकूंची, वळायची. "मेलेल्यायसाठी अकोल्याले चकरा मारता. जित्या पोरीकडं चहाले गेले तर एस्टी चुकते का तुमची?"

एका संध्याकाळी बापूसाहेब फाटकातून काहीच न बोलता सरळ माझ्या घरात आले. हातात एका जुन्या कागदाची झेरॉक्स.

"भागीरथी," ते म्हणाले. "माह्या आजाची आजी. पहिल्या नवऱ्यापासून फारकत घेतली न् मग आमच्या घरात पाट लावून आली. ते वावर तिचं होतं. आमच्यावाल्यायचं काईच नव्हतं."

आता ते घराण्याच्या बेअब्रूवर रडतील, असं मला वाटलं. त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हे पाह्य. माहेरचं कोणी हजर नाही. तिचा बाप जिता होता. त्याच गावात होता. म्या त्याचाही दस्त काढला. आला नाही बुढा. नालायक!"

मी म्हटलं, "लाजला असेल."

ते झेरॉक्सची घडी घालू लागले.

"सुनंदाचा निकाल लागला ना, त्या दिवशी मी अकोल्यातच होतो."

"कोर्टात?"

"रोडच्या पल्याड. दस्तायच्या खोलीत. तिले सांगतलं होतं, तब्येत बरी नाही म्हणून."

मी चहा टाकायला उठलो.

पुढे सुनंदानं पुन्हा लग्न ठरवलं, नोंदणी पद्धतीनं. काकूंनी भीत भीत सांगितलं. बापूसाहेब म्हणाले, "साक्षीदार मी."

मीच गाडी काढली. कोट घालून, सॅक मांडीवर घेऊन ते पुढे बसले होते. मूर्तिजापूर आलं न् गेलं, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. अकोल्याच्या नोंदणी कार्यालयात नवरदेवाकडचे दोन साक्षीदार तयार होते, तिसरे हे.

"बाबा, आधार कार्ड?" कारकून म्हणाला.

"मी पोरीचा बाप आहो."

"ते ठीक आहे. पण ओळखीचा कागद लागेल. कोणताही चालते."

बापूसाहेबांनी सॅक टेबलावर रिकामी केली. आजे निघाले, पणजे निघाले, भागीरथी निघाली. स्वतःचं काही निघेना. पुन्हा पुन्हा तेच कागद उलटत राहिले. मागे रांगेत कुणीतरी हसलं.

सुनंदानं त्यांचा हात धरला. "राहू द्या ना बाबा. तुमी आले ना."

माझ्या खिशात गाडीचं लायसन होतं. सही मी केली. बापूसाहेब दारापाशी तिची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते.

साक्षीदाराचं नातं, या रकान्यात 'शेजारी' असं लिहिलेलं आहे.