घोडा द्यावा की न द्यावा

सिद्धारामअण्णांचा प्रश्न साधा होता : चौथ्या चालीला घोडा फुकट द्यायचा असतो, ती चाल शिकण्यासारखी आहे की नाही?

प्रश्नामागे खुर्ची होती. पेठेतल्या वाचनालयात एकच कूलर आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची. गुढीपाडव्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत जो पहिला येईल, त्याने पाऊस येईपर्यंत त्या खुर्चीवर बसायचे, असा रिवाज. बाकीच्यांनी खिडकीतल्या गरम वाऱ्यावर पेपर वाचायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही खुर्ची म्हणजे आमदारकीच, फक्त जास्त उपयोगाची. गेले तीन उन्हाळे तिच्यावर बुद्धभूषण सर बसत होते. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. थंडगार वाऱ्यात ते अंगावर उपरणे ओढून घेत, ते अण्णांना फार लागे.

घोडा द्यायची ती चाल मोबाइलवर अण्णांच्या लेकीला, श्रावणीला सापडली. दोन्हीकडचे चारही घोडे बाहेर आले की पांढऱ्याने आपला घोडा एका प्याद्यावर ओवाळून टाकायचा. मग समोरच्याच्या घोड्यांमागे आपली प्यादी सोडायची. समोरचा गडबडला की संपला.

"कॉम्प्युटर काय म्हणतो?" अण्णांनी विचारले.

"वाईट आहे म्हणतो, अप्पा. दीड प्याद्याएवढी वाईट."

"अर्धं प्यादं कसलं असतं गं?"

"ते सोडा. पण समोरच्याला माहीत नसेल तर लई भारी पडते."

झाले. म्हणजे चाल शिकावी की नाही हे सरांना ती माहीत आहे की नाही यावर ठरणार, आणि ते कळण्याचा मार्ग म्हणजे सरांना विचारणे. विचारले की त्यांना माहीत झालीच. अण्णांची सगळी नोकरी कुठल्या पेठेत कधी पाणी सोडायचे हे ठरवण्यात गेलेली. घाईने निर्णय घेणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी आठ-पंधरा दिवस विचार केला.

"शिकायचं का न्हाई ते ठरवायला एवढे दिवस," त्यांच्या पत्नी प्रभाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तेवढ्यात शिकून झालं असतं की."

"आणि शिकून उपयोग नाही झाला तर?"

"न्हाई झाला तर न्हाई. निवृत्त माणसाचा कुठला वेळ वाया जातोय?"

शेवटी अण्णांनी आधी चाल दुसऱ्या कुणावर करून बघायचे ठरवले. सर लेकीकडे नातेपुत्याला गेले होते, ती संधी होती. वाचनालयाचे कुलूप उघडणारा, कूलरमध्ये पाणी भरणारा अजिनाथ तयार झाला. अण्णांनी घोडा दिला. चहा निवायच्या आत अजिनाथचा वजीर गेला.

"अण्णा, हे काय केलं तुमी?"

"कुणाला सांगू नको."

"छे हो, मी कशाला सांगतोय?"

अजिनाथने शब्द पाळला. त्याने कुणाला सांगितले नाही, फक्त दिसेल त्याच्याशी तोच डाव खेळला. हरलेल्याने दुसऱ्याला हरवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. आठवड्याभरात वाचनालयात जो तो घोडे वाटत सुटला. पेपर वाचायला कुणी मिळेना. चालीला 'घोडेदान' असे नावही पडले आणि सगळ्यात जास्त घोडे अण्णांच्याच अंगावर आले, कारण अण्णांना अण्णांच्याच चालीने हरवण्यात लोकांना वेगळी गोडी होती.

अण्णा रोज हरून घरी येत. अखेर श्रावणीने त्यांना समोर बसवले.

"अप्पा, घोडा मुकाट्यानं घ्यायचा. प्यादी अंगावर आली की मागं सरायचं. आणि मग काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. घाई समोरच्याला असते."

काही न करणे अण्णांना उपजतच जमत होते. दोन दिवसांत वाचनालयात त्यांना घोडा द्यायचे धाडस कुणाला होईना.

तेवढ्यात सर नातेपुत्याहून परतले. दारातच त्यांना तीन पटांवर तीन घोडे मेलेले दिसले. अजिनाथने त्यांचाही वजीर खाल्ला. गणिताच्या माणसाला न सुटलेले उदाहरण झोपू देत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना घोडेदान करू लागले, आणि एकही डाव हरेनात. फक्त अण्णांशी ते खेळले नाहीत. स्पर्धेआधी प्रतिस्पर्ध्याशी खेळणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

"आता तर शिकून काही फायदा नाही," अण्णा घरी म्हणाले. "सरांना सगळं येतंय."

"मग नका देऊ घोडा."

"पण दिला आणि ते गडबडले तर?"

प्रभाताईंनी तव्यावरची भाकरी उलटली. काही वाक्यांना त्या एवढेच उत्तर देत.

पाडव्याला शेवटचा डाव अण्णा आणि सरांचाच आला. पांढरी मोहरी अण्णांकडे. राजापुढची प्यादी निघाली, घोडे निघाले, बघता बघता चारही घोडे बाहेर. सगळे वाचनालय पुढे वाकले. चौथी चाल.

अण्णांनी विचार केला. द्यावा? नको? द्यावा? कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला. टॉवेल आपल्या सोलापूरचा, जाड आणि ऐसपैस. त्याचे टोक कडेच्या हत्तीपुढच्या प्याद्याला लागले. प्यादे पडू लागले आणि अण्णांनी ते चटकन धरले.

सगळे अण्णांच्या बोटांकडे बघू लागले.

"हात लावला ती चाल," अजिनाथ हळूच म्हणाला.

"अरे, मी सावरलं त्याला."

"नियम तुमीच केला होता की अण्णा, गेल्या साली. सरांनी नुसता उंट सावरला तेव्हा."

अण्णांनी निमूटपणे ते प्यादे एक घर पुढे ढकलले. पंधरवडाभराचा विचार, लेकीची शिकवणी, सगळे एका टॉवेलात गेले.

सरांनी प्याद्याकडे पाहिले. अण्णांची चाल वाया गेली होती. चारही घोडे बाहेर होते. महिनाभर ज्या क्षणी त्यांचा हात घोड्याकडे जात होता, तोच हा क्षण. हात गेला. सरांनी आपला घोडा अण्णांच्या प्याद्यावर ओवाळून टाकला.

अण्णांनी तो मुकाट्याने घेतला.

सरांची प्यादी धावून आली. अण्णा मागे सरले. सर आणखी धावले. अण्णांनी काही केले नाही. सरांच्या उंटाला जिथे येऊन बसायचे होते, तिथे तो येऊच शकेना, कारण दारात ते टॉवेलवाले प्यादे उभे. सर घाम पुसू लागले, आणि अण्णा एक घोडा जास्त घेऊन, जेवल्यावर शतपावली करावी तसे, डाव जिंकले.

दुसऱ्या दिवशी अण्णा कूलरसमोर बसले. खांद्यावर तोच टॉवेल, आता अंगाभोवती लपेटलेला. सर खिडकीशी पेपरने वारा घेत होते.

"अण्णा, एक खरं सांगा," सर म्हणाले. "ते प्यादं मुद्दाम ना?"

अण्णा नुसते हसले.

"बरं, ते जाऊ द्या. ती घोड्याची चाल... तुम्ही एवढा विचार केलात. शिकण्यासारखी आहे का ती?"

अण्णांनी डोळे मिटले. या वेळी त्यांना विचार करायला अजिबात वेळ लागला नाही.

"आहे की, सर. जरूर शिका. सावकाश शिका. पुढच्या पाडव्याला अजून वर्ष आहे."

आणि त्यांनी आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली. सरांनाही थोडा वारा लागावा म्हणून. थोडाच. प्यादे देण्याइतका. घोडा नव्हे.