पायाळूची जागा

"उद्यापासनं आपल्या घरातल्या कुनी त्या आडावर पाय ठेवायचा न्हाई," उद्धवरावांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"आन पानी?" यशोदाबाईंनी विचारलं.

"आपन बोरिंग घेनार."

यशोदाबाईंची भाकरी तव्यावर करपली. नवा पैसा नुकता सुरू झाला होता, त्या सालातली ही गोष्ट. थेरगावात तोवर बोरिंग कुणाच्या दारात नव्हती. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. तिथे जमिनीला मनगटाएवढं भोक पाडून पाणी काढतात असं ऐकून उद्धवराव मुद्दाम बघायला गेले होते आणि तेव्हापासून त्यांना रात्री झोप नव्हती.

खरं तर आड होता. बापजाद्यांचा, बारमाही, साखरेसारख्या पाण्याचा. पण वाटणीत तो धाकट्या भावाच्या, सोपानरावांच्या अंगणात गेला. पाणी दोघांचं, असं पंचांनी ठरवून दिलं. कप्पीला एरंडेल कुणी घालायचं ते मात्र ठरवायचं राहून गेलं. कप्पी करकरायला लागली. थोरला म्हणाला, आड तुझ्या अंगणात, तेल तू घाल. धाकटा म्हणाला, पाणी तुमी जास्त वडता, तेल तुमी घाला. पळीभर एरंडेलावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, त्याला आता दोन वर्षं झाली होती. कप्पी रोज पहाटे अख्ख्या आळीला भांडणाची आठवण करून देत होती. जावा-जावांचं, म्हणजे यशोदाबाई आणि सुभद्राबाईंचं, मात्र आडावर छान चाललं होतं. त्यांचं बोलणं कप्पीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नसे, म्हणून त्याही तेल घालत नव्हत्या.

बोरिंगवाले मारुतराव मिस्त्री जागा बघायला आले. चहा पिऊन त्यांनी हिशेब समजावून सांगितला. दर फुटावर. मुरूम लागला तर एक दर, काळा पाषाण लागला तर दुसरा. लोखंडी नळाचे वेगळे. माणसांचं जेवण घरधन्याकडे.

"आन पानी न्हाई लागलं तर?" यशोदाबाईंनी आतून विचारलं.

"वहिनी, जागा तुमची, भोक आमचं, पाणी देवाचं," मारुतराव म्हणाले. "आम्ही भोकाचे पैसे घेतो. जागा तेवढी दाखवून ठेवा, म्हणजे यंत्र आणतो."

जागा दाखवायला रावेतचे सयाजी पाणाडे आले. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते घरभर फिरले. नारळ अंगणात हलला नाही, गोठ्यात हलला नाही. स्वयंपाकघरात मात्र बरोब्बर चुलीपुढे ताडकन उभा राहिला.

"हितं धो धो पानी हाय," सयाजी म्हणाले.

"चूल उकरायची आसंल तर आदी मला उकरा," यशोदाबाई म्हणाल्या, आणि पाट घेऊन चुलीपुढे बसल्या. सयाजी नारळ आणि दक्षिणा घेऊन गेले.

आता गावात एकच उपाय उरला होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. पायाकडून जन्मलेल्या माणसाला, पायाळूला, जमिनीतलं पाणी कळतं. अनवाणी चालताना पाण्याच्या झऱ्यावर त्याचा पाय आपोआप थबकतो. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी अशाच सापडलेल्या होत्या. आणि थेरगावात पायाळू माणूस एकच होता, तो म्हणजे सोपानराव.

"इचारा की मग," यशोदाबाई म्हणाल्या. "तोंड हाय नव्हं देवानं दिलेलं?"

"मी? त्याला? जीभ झडंल माझी."

"लौकर काय ते बगा. सुभद्रा सांगत हुती, भावजींना खडकीच्या कारखान्यात नोकरी लागलीय. दिवाळी झाली की बिऱ्हाड हलवनार."

उद्धवरावांचा घास हातातच राहिला. सोपान गाव सोडून जाणार! दुसऱ्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की सोपानबरोबर त्याचे पायही जाणार. पहिल्या विचारापेक्षा दुसरा सोसायला सोपा होता, म्हणून त्यांनी तोच धरला.

"त्याच्या आदी बोरिंग झाली पायजे," ते म्हणाले.

युक्ती त्यांची त्यांनाच सुचली आणि पुढे आयुष्यभर त्यांना तिची लाज वाटली. त्यांनी सत्यनारायण घातला. गावाला आवतण गेलं, त्यात सोपानरावांनाही गेलं. भावाशी वैर असलं तरी देवाच्या प्रसादाला नाही म्हणता येत नाही. वहाणा फाटकाशी काढायच्या, मग लांबलचक अंगण ओलांडून ओसरीवर यायचं. म्हणजे पायाळू माणूस अनवाणी अख्ख्या अंगणातून चालणार. भैरू गड्याच्या ओंजळीत चुना देऊन त्याला फाटकामागे उभा केला होता. सोपानराव थांबले की त्यांच्या पायाखाली खूण करायची, एवढंच त्याचं काम.

उद्धवराव सोवळं नेसून पाटावर बसले. भटजींनी सांगितलं, चित्त देवाकडे ठेवा. चित्त अंगणात होतं. साधुवाण्याची नाव बुडाली, वर आली, तरी सोपानरावांचा पत्ता नव्हता.

अखेर ते आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. वहाणा काढल्या आणि चालू लागले. गोठा मागे पडला, तुळशीवृंदावन मागे पडलं. उद्धवरावांचे डोळे भावाच्या पायांना चिकटले. आणि अंगणाच्या अगदी मधोमध ते पाय थबकले.

साधे थबकले नाहीत. उजव्या पायाचा अंगठा माती उकरू लागला. एक पाऊल पुढे झालं, परत जागेवर आलं. सोपानराव तिथे इतका वेळ उभे राहिले की आरतीची तबकं फिरून झाली. उद्धवरावांचा ऊर भरून आला. इतका वेळ पाय रोवला म्हणजे खाली नुसतं पाणी नव्हे, नदी असणार! त्यांनी पाटावरूनच भैरूला डोळ्यांनी खुणावलं.

भैरू चुना घेऊन धावला. सोपानरावांनी पायांभोवती पडलेल्या पांढऱ्या रिंगणाकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, आणि वळून वहाणा घालून निघून गेले.

"भावजी परसाद न घेता गेले," यशोदाबाई कळवळून म्हणाल्या.

"जाऊ दे. जागा गावली!"

दिवाळीच्या आधी यंत्र आलं. उंच लोखंडी सांगाडा, धडधडणारं इंजिन आणि तारेच्या दोराला टांगलेली माणसापेक्षा जड छिन्नी. इंजिनाने ती उचलायची आणि सोडायची. धप्प. पुन्हा उचलायची, पुन्हा धप्प. पहिल्या दिवशी गाव बघायला लोटलं, नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मारुतराव म्हणाले, "पाणी आणा."

"पानी तुमी देनार हुता नव्हं?" उद्धवराव चक्रावले.

"भोकात ओतायला हवं. त्याशिवाय दगडाचा चुरा वर निघत नाही."

पाण्यासाठी पाणी लागतं, ही गोष्ट हिशेब सांगताना मारुतरावांच्या तोंडून राहून गेली होती. इतके दिवस घरापुरतं पाणी नदीवरून येत होतं; एवढं पाणी होतं ते सोपानरावांच्या आडातच. शपथ मोडली आणि भैरू कावड घेऊन दिवसभर आडावर येरझाऱ्या घालू लागला. घरात पूर्वी जेवढं पाणी लागे, त्याच्या तिप्पट आता अंगणातल्या भोकात जाऊ लागलं. कप्पी बिचारी दिवसभर केकाटत होती. सोपानरावांनी एका शब्दानं अडवलं नाही. उलट एके दिवशी भैरू आडावर गेला तेव्हा कप्पीला तेल घातलेलं होतं. त्याने ते येऊन सांगितलं.

"आवाजाचा तरास झाला आसंल त्याला," उद्धवराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

मुरूम दोन दिवसांत संपला आणि काळा पाषाण लागला. मग दिवसभर धप्प धप्प करून संध्याकाळी मापाची दोरी टाकली की भोक हातभर वाढलेलं असायचं. हादऱ्यांनी फळीवरचे डबे खाली यायला लागले. म्हशीने दूध चोरलं. अंगणाच्या मधोमध चिखलाचा डोंगर झाला, त्यामुळे आल्यागेल्याला गोठ्यातून वळसा घालून घरात यावं लागे. मारुतरावांची माणसं जेवायला बसली की यशोदाबाईंना वाटे, छिन्नीपेक्षा हीच खोल जातात.

"थांबायचं का?" मारुतराव अधूनमधून विचारत. "थांबा म्हणाल तर थांबतो. पण झालेलं भोक मी परत घेणार नाही."

आणि उद्धवराव म्हणत, "पायाळूचा पाय खोटा पडत न्हाई. चालू द्या."

नव्या बैलजोडीसाठी ठेवलेले पैसे भोकात गेले. मग बायकोच्या पाटल्यांकडे त्यांची नजर वळायला लागली, तेव्हा यशोदाबाईंनी हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "पाय त्यांचा खोटा नसंल. तुमचं डोळं खोटं असतील." उद्धवरावांना ते तेव्हा कळलं नाही.

एके दिवशी ओतलेलं पाणीही भोकानं पिऊन टाकलं आणि छिन्नीबरोबर कोरडी राखेसारखी भुकटी वर आली. मारुतरावांनी ती चिमटीत घेऊन वाऱ्यावर सोडली, इंजिन बंद केलं आणि दोर गुंडाळायला सांगितलं. इतक्या दिवसांच्या धडधडीनंतर अंगण एकदम मुकं झालं. त्या शांततेत शेजारच्या अंगणात बैलगाडी जुंपल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

उद्धवराव उठले. दोन वर्षांत प्रथमच ते भावाच्या घराकडे निघाले, आणि तेही भांडायला. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेतच जुळवून ठेवलं होतं. ओसरीत सुभद्राबाई एकट्याच वळकट्या बांधत होत्या. सोपानराव आठवडाभर आधीच खडकीला कामावर हजर झाले होते. थोरल्या दिरांना बघून त्यांनी पदर पुढे ओढला.

"त्यानं माझ्यावर दावा साधला!" उद्धवराव कडाडले. "खाली पानी नव्हतं, तर तितं पाय रोवून उबा कशापायी ऱ्हायला?"

"पानी?" सुभद्राबाईंना काही उमजेना. मग उमजलं. त्या हसल्या नाहीत. "भावजी, त्ये पानी बगाया नव्हतं आलं. दिवाळीनंतर गाव सुटनार, म्हनून सांगाया आलं हुतं. घरातनं निगतानाच मला म्हनलं, दादा नुसतं 'ये' म्हनला तर आत जाईन, पाया पडंन. न्हाई म्हनला तर आंगनातनं माघारी येईन."

उद्धवराव पायरीवरच टेकले.

"त्ये तुमच्या तोंडाकडं बगत हुतं, भावजी. आन तुमी त्यांच्या पायाकडं."

उद्धवराव घरी आले. गोठ्यातून वळसा घालायचं विसरले आणि चिखलातून सरळ ओसरीवर गेले. तिथे बसून त्यांनी अंगणातल्या भोकाकडे पाहिलं. भोक अगदी नेमकं भाऊ उभा होता तिथे होतं. किती फूट खोल गेलो, किती दगड फोडला! आणि वर, मातीच्या वर, 'ये' म्हणायला फुटाचा दर लागत नव्हता. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की यशोदाबाई समोर पाणी घेऊन उभ्या होत्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

महिना त्यांनी असाच काढला. मग धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला आणि खडकीला गेले.

कारखान्याच्या चाळीत सोपानरावांची खोली शेवटची होती. शिफ्ट संपवून ते दारातच पाय धूत होते. उद्धवरावांनी वहाणा काढल्या, चार पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. पुढे पाय उचलेना. आता त्यांना कळलं की अशा वेळी माणूस अंगठ्याने माती का उकरतो.

सोपानरावांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश पायांकडे पाहिलं.

"दादा, हितं नका खनू," ते म्हणाले. "सरकारी जागा हाय."

उद्धवरावांना हसू फुटलं. सोपानराव बाजूला झाले. "या आत."

खोलीत दोघं पुष्कळ वेळ बसून राहिले. म्हशीचं बोलून झालं, पिकाचं झालं. मग उद्धवराव भिंतीकडे बघत म्हणाले, "सोपाना, घरला चल. बिऱ्हाड परत घिऊन चल. माझं चुकलं."

सोपानरावांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर पोरं नळावर गलका करत होती.

"त्या दिशी म्हनला असता तर ऱ्हायलो असतो, दादा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आता साळंत नावं घातली पोरांची. हितलं पानी मानवलं त्यास्नी."

सुभद्राबाईंनी पितळेच्या तांब्यात नळाचं पाणी आणून पुढे ठेवलं. त्याला औषधाचा उग्र वास येत होता. उद्धवरावांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटून सगळा रिकामा केला आणि खाली ठेवला.

"ग्वाड हाय," ते म्हणाले.