जवाईबापूंचा टँक

माझ्या हातात कला आहे! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघण्यात अर्धं आयुष्य गेलं. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. लंगडं स्टूल, चिरकी घंटा, रुसलेला पंखा, सगळं माझ्या हातून दुरुस्त होतं. (पंखा नंतर उलटा फिरायचा. पण फिरायचा!) त्यामुळे सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं हा विषय घरात निघाला, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "मी मामाजीसाठी टँक बनवतो! लढाईतला!"

"त्यापरीस स्वेटर घेऊ न चांगलं," बायको म्हणाली. बायकोचं नाव दीपाली. तिचा माझ्यावर विश्वास आहे, फक्त माझ्या हातांवर नाही.

मामाजी म्हणजे मनसारामजी, मुक्काम धानोरा. एकाहत्तरच्या लढाईत ते टँकवाल्या पलटणीत होते. गाव अजूनही त्यांना 'टँकवाला मनसाराम' म्हणतं. माणूस भलताच अबोल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्याशी दोनच वाक्यं बोलतात. गेल्यावर "आले काय?" आणि निघताना "चालले काय?" मधला सगळा वेळ मी एकटाच बोलतो आणि ते सुपारी कातरतात. मला या माणसाचं तिसरं वाक्य ऐकायचं होतं! त्यांचाच टँक हातात ठेवला की आपोआप बोलतील, असा माझा हिशेब.

ऑनलाइन खोका मागवला. आत सेंच्युरियन टँकचे प्लास्टिकचे शेकडो तुकडे, काही तर मुंगीच्या गुडघ्याएवढे! जोडून झाल्यावर टँक वीतभर होणार होता. पहिल्याच संध्याकाळी टँकचं एक चाक माझ्या अंगठ्याला चिकटलं. गोंद असा जबर की दुसऱ्या दिवशी चाकासकट कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "चाक."

पण नुसता जोडलेला टँक कोणीही करतो. मला तो लढून आलेला दिसायला हवा होता! गंज दाखवायला पानवाल्याकडून कात आणला. वरच्या जाळीसाठी मच्छरदाणीचा कोपरा कापला, त्या दिवसापासून डास आमच्या बिछान्यात पाहुण्यासारखे राहायला आले. आणि चिखल? चिखल खराच पाहिजे! वैनगंगेकाठच्या एका धानाच्या बांधीतून ओला चिखल आणला आणि चाकांना, छपराला मनसोक्त थापला. काही दिवसांनी पाहतो तर टँकच्या डोक्यावर हिरवागार अंकुर!

"आवो, तुमच्या टँकावर धान उगवला!" दीपाली पोट धरून हसत होती. "युरिया टाकू काय थोडा?"

धान उपटला. त्या धांदलीत तोफेची नळी मोडली. मग बॉलपेनची रिकामी कांडी कापून बसवली, रंगवली. अस्सल दिसायला लागली!

आता हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. म्हणून मी सासूबाईंना, इंदिराबाईंना, फोन लावला.

"मामीजी, मामाजीले सांगू नका, पण पंच्याहत्तरीले त्याईच्यासाठी टँक बनवून राह्यलो!"

पलीकडून मामीजी जवळजवळ ओरडल्याच, "खरंच काय जवाईबापू? बाई, किती दिवसाची इच्छा होती याईची!"

"मले माहीत हाय न!"

"केवढा हाय?"

"चार माणसं आरामात मावतात."

"चार? आमी त दोघंच हाओ बाप्पा. आन झाकण?"

"झाकण वरून. माणूस ते उघडून डोकं बाहेर काढते."

"माणूस आतमधी कायले जाते?"

"मामीजी, सारं काम आतूनच त चालते!"

"अगं बाई! आन पाइप?"

मी कांडीकडे अभिमानानं पाहिलं. "पाइप नवीन लावला. लांबलचक! पाहिजे तिकडे फिरते. शेजारी घाबरून जाईन!"

"मुखरूभाऊच्या घराकडं नका फिरवू जवाईबापू," त्या काकुळतीनं म्हणाल्या, "त्याईचं आमचं चांगलं हाय."

मला वाटलं, मामीजी आज चांगल्या थट्टेच्या मूडमध्ये आहेत! मी खो खो हसून फोन ठेवला.

पंच्याहत्तरीच्या दिवशी बुटाच्या खोक्यात कापूस भरून टँक निजवला, खोका पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि आम्ही बसनं निघालो. आरमोरी, गडचिरोली, मग जंगलातला रस्ता. प्रत्येक गतिरोधकाला मी पिशवी हवेत उचलून धरत होतो. शेजारच्या बाईनं दीपालीला हळूच विचारलं, "बाळ किती महिन्याचं हाय?"

धानोऱ्याला घराजवळ पोचलो आणि थबकलो. दारात गर्दी! अंगणात मातीचा ढिगारा! आणि ढिगाऱ्यापलीकडे, जमिनीच्या बरोबर वर, मामाजींची पांढरी टोपी. फक्त टोपी आणि डोकं. झाकण उघडून डोकं बाहेर काढलेला टँकवाला दिसावा, तसे मामाजी एका प्रचंड खड्ड्यात उभे होते!

"आले काय?" ते म्हणाले. मग माझ्या मागे रस्त्याकडे बघत त्यांनी चक्क तिसरं वाक्य टाकलं. "ट्रक मांगं राह्यला काय?"

"कोणता ट्रक, मामाजी?"

"टँक कायच्यात आणला मंग?"

तेवढ्यात शेजारचे मुखरूभाऊ घाम पुसत पुढे आले. खणायला तेही लागलेले दिसत होते. "जवाई, पहिले हे सांगा, पाइप कोण्या बाजूनं हाय?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. मामीजींना वाटलं होतं, जवाई संडासाचा टँक बसवून देतोय! नव्या संडासाचं बांधकाम टाकीवाचून अडलेलं. मामाजींचे गुडघे दुखतात, लांब जाणं जमत नाही, आणि हा विषय जावयाकडे काढायचा कसा म्हणून सगळे गप्प. अशात जावयाचा आपणहून फोन! गुपित मामीजींच्या पोटात तासभरही टिकलं नाही. त्यांनी मामाजींना सांगितलं, मामाजींनी मुखरूभाऊंना, मुखरूभाऊंनी गावाला. आणि पंच्याहत्तर वर्षांचा माणूस दुखरे गुडघे विसरून जावयासाठी स्वतः खड्डा खणून तयार!

"मामाजी," माझा आवाज चिमणीएवढा झाला, "टँक पिशवीत हाय."

कापूस बाजूला सारून मी टँक ओट्यावर ठेवला. सगळं अंगण वाकून बघू लागलं. मामीजींनी बोटानं कांडी हलवून पाहिली.

"हा? याच्यात चार माणसं?"

"माया एकट्याच्यानं सकाळीच भरून जाईन न हा!" मुखरूभाऊ म्हणाले आणि अंगण फुटलं! दीपालीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला त्या खड्ड्यात उडी मारून वरून माती ओढून घ्यावीशी वाटली.

फक्त मामाजी हसले नाहीत. ते खड्ड्यातून वर आले, हात धुतले, धोतराला पुसले आणि टँक तळहातावर घेऊन बसले. फिरवून फिरवून बघत राहिले. मी जवळ सरकलो.

"मामाजी, असल्याच टँकात बसत होते न तुमी?"

"नाई."

"मंग दुसऱ्या कंपनीचा होता काय?"

"मी कोण्याच टँकात नाई बसलो, भूपेश." त्यांनी माझं नाव पहिल्यांदाच घेतलं. "मी लंगरात होतो. स्वयंपाकी."



"बाबा!" दीपाली ओरडली. "सारे त तुमाले टँकवाला म्हणतात!"

"टँकवाल्याईले जेवाले नाई लागत काय?"

"मंग सांगतलं काऊन नाई कधी?"

"कोणी इचारलंच नाई," मामाजी ओशाळून म्हणाले. "आन टँकवाला म्हटलं की बरं वाटे."

आणि मग तो माणूस बोलायला लागला! पहाटे चूल पेटवायची, पण धूर दिसू द्यायचा नाही. एकेका टँकचा जेवणाचा डबा वेगळा. कोणाला मिरची जास्त, कोणाला कांदा नको. "हे चार पोट्टे," टँकच्या छपरावर बोट ठेवत ते म्हणाले, "वरून डोकं काढून मले ओरडत, मनसाराम, आज काय हाय? तोंडं काळीठिक्कर, नुसते दात दिसत. एका दिवशी एका टँकाचा डबा तसाच भरलेला वापस आला." त्यांनी छपरावरचं बोट काढून घेतलं. "त्या दिवशी मीबी नाई जेवलो."

मामीजींनी गुपचूप पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं संसार करून त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"चांगला बनवला," मामाजी मला म्हणाले. "चिखल अस्सल हाय."

मी पाण्यात टाकलेल्या सुकटीसारखा फुगलो!

मग ते जरा लाजत म्हणाले, "जमते त एक लंगर बनव न. मोठी भट्टी, भात-डाळीचे दोन गंज, आन बाजूले मी. कांदे ठेवजो. लय कांदे चिरले रे बाप्पा."

खड्ड्याचं काय झालं म्हणता? खणलेला खड्डा आणि दीपालीची नजर, दोन्ही समोर असताना जावई काय करणार? पुढच्या आठवड्यात तिथे खरी टाकी बसली. पाइप मुखरूभाऊंच्या घराकडे नाही.

सध्या मी रोज संध्याकाळी चिमट्यानं मोहरीएवढे कांदे करत बसतो. पोळ्या झाल्या, डाळ रंगवून झाली, भात करपल्यासारखा दिसतो म्हणून पुन्हा केला. काल दीपाली मागे येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, आता कौतुक करणार!

"चला," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या हातचा स्वयंपाक पाहून राह्यली. वाढा मंग!"