माऊस हलता ठेवण्याबाबत

आमच्या कफ्र नखला गावच्या नागरी नोंदणी कचेरीत एकच संगणक आहे, आणि तो ऐन कचेरीच्या वेळात अपडेट व्हायला लागला. पडद्यावर गरगरणारं चक्र आणि खाली विनंती : 'कृपया बंद करू नका.' आम्ही विनंतीला मान देणारी माणसं. रोज सकाळभर यंत्र बंद केलं नाही, आणि दुसरंही काही केलं नाही.

शेवटी जिल्ह्याहून तंत्रज्ञ आला.

"कचेरी कधी रिकामी असते ते यंत्र स्वतः बघतं आणि तेव्हाच अपडेट बसवतं," तो म्हणाला. "तुमची कचेरी त्याला नऊ ते दोन रिकामी दिसली."

"आणि काम कधी दिसलं?" आमचे साहेब, उस्ताज वहीद, यांनी विचारलं.

"दोननंतर. रखवालदार पत्ते खेळतो ना त्यावर."

साहेबांचा चहा कपातच राहिला. वेळ हाताने बदलता येते म्हणे, पण त्याचा पासवर्ड मुख्य कचेरीत, आणि मुख्य कचेरीचं यंत्र अपडेट होत होतं.

सरकारी कचेरीला एक डबडं आळशी ठरवतं म्हणजे काय! फूल नावाची उसळ आणि तामियाचे वडे अशा न्याहारीवर समिती बसली. ठराव झाला : यंत्राला काम दिसलं पाहिजे. त्यासाठी फाइल विभागातल्या गाबिरची माऊस हलता ठेवण्यावर नेमणूक झाली. गाबिर प्रामाणिक माणूस. उजव्या हाताने खायचा, डाव्या हाताने माऊस फिरवायचा. अपडेट थांबले. आम्हाला अभिनंदनाचं पत्र पाठवा, असं आम्हीच जिल्ह्याला कळवलं.

सोमवारी इन्शिराह आली. गुरुवारी तिचं लग्न. नवरा कुवेतला नोकरीला, शनिवारी त्याचं परतीचं विमान. निकाह नोंदवणारा माजून जन्मदाखल्याशिवाय तो लिहायला तयार नव्हता.

दाखले काढणाऱ्या मदाम ताहानी भेंडी निवडत होत्या. "पोरी, यंत्र कामात आहे."

"काय काम करतंय?"

"काम चालू आहे असं दाखवतंय."

"मग एक मिनिट थांबवा की."

"थांबवलं तर त्याला वाटेल आम्ही रिकामे आहोत," मदाम म्हणाल्या आणि किडकी भेंडी बाजूला टाकली.

मंगळवारीही हेच झालं. बुधवारी ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली. डोळे सुजलेले, आवाज मात्र शाबूत.

"काका, तो आता गेला की दोन वर्षं येत नाही. फ्रिजसुद्धा घेऊन ठेवलाय. मला एक सांगा, माझा दाखला काढताना माऊस हलेलच ना?"

गाबिरचा हात क्षणभर थबकला, पण त्याने स्वतःला सावरलं.

"काम करणे हा उपाय समितीपुढे आला नव्हता," साहेब गंभीरपणे म्हणाले. "लेखी द्या. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी विचार करू."

"रविवारी नवरा कुवेतला असेल, आणि मी इथे. रोज. आईला घेऊन."

तिची आई मासळीबाजारात बसते. साहेबांनी एकदा तिच्याकडे बोल्टी मासा शिळा आहे म्हणून परत नेला होता; तिने भर बाजारात जे ऐकवलं, त्यानंतर त्यांच्या घरी मासे आलेले नाहीत. दाखला निघाला. मदामच्या हातावरचा भेंडीचा चिकटा दाखल्याच्या कोपऱ्याला लागला, तेवढंच. गाबिर उठून उभा होता, हात कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

पोरगी मनाने मोठी. तिने अख्ख्या कचेरीला बोलावलं. गुरुवारी सकाळी मशिदीत निकाह, वर गुलाबाचं सरबत. आम्ही सगळे गेलो, गाबिरही. इतकं राबल्यावर माणसाला सरबतही नको का?

रविवारी आलो तर पडद्यावर चक्र. दाराशी रांग, आणि रांगेत सगळ्यात पुढे तान्ह्या बाळाला घेतलेला बाप.

चौकशी झाली. अहवाल स्पष्ट आहे : बुधवारी दाखला काढण्यासाठी माऊस गाबिरच्या हातून काढला गेला, तिथूनच शिस्त मोडली. आता दुसरा माऊसवाला मंजूर झालाय, आणि दाखले पुढील आदेशापर्यंत बंद.

हसताय? हसा. ही गोष्ट तुम्ही कचेरीतल्या पडद्यावर वाचत असाल, तर शेजारून जाणाऱ्या साहेबांना तुम्ही कामातच दिसताय. यंत्र मात्र केव्हापासून बघतंय, तुमचा माऊस हललेला नाही.